मीटरवर न आलेले शुक्रवार

माझ्या बाबांची गाडी उभ्या जागी झिजली, असं सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. काढू देत. गाडी धावली की झिजते, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या घरातही तेवढंच ठाऊक होतं, आणि आमच्या घरात तर उभा जन्म मशिनं सांभाळण्यात घालवलेला माणूस होता.

आधी शुक्रवारचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात शुक्रवार हा कारखान्यांच्या सुट्टीचा वार. कारखाने बंद, म्हणून विजेच्या तारांची दुरुस्तीही त्याच दिवशी. सकाळची धुणीभांडी आटपेपर्यंत लाइट जायची ती दुपार कलल्यावर यायची, कधी दिवेलागणीला. आमच्याकडे कुणाला त्याचं काही वाटत नाही. लोक आदल्या दिवशीच इडलीचं पीठ वाटून ठेवतात, मोबाइल चार्ज करतात, आणि शुक्रवारी दारं सताड उघडी टाकून जिन्यात गप्पा मारत बसतात.

आईला मात्र ते जमेना. तिला पॅरालिसिसचा झटका येऊन गेला, उजवी बाजू लुळी पडली, आणि तेव्हापासून तिला उकाडा म्हणून सोसेना. घाम फुटला की ती पांढरीफटक व्हायची, श्वास वरवर चालायचा, जीव घाबराघुबरा. डॉक्टरांनी बजावलंच होतं की यांना गरम होऊ द्यायचं नाही. बाबांनी आतल्या खोलीत एसी बसवून घेतला. पण लाइट गेल्यावर एसी काय कामाचा? इन्व्हर्टरवर पंखा फिरायचा, तोही गरम हवाच अंगावर फेकायचा.

मग बाबांनी शोध लावला. आमचं घर अंबरनाथ पूर्वेला, सोसायटीच्या तळमजल्यावर. दारातून दिसेल अशी कंपाउंडच्या भिंतीला गाडी उभी. लाइट गेली रे गेली की बाबा आईला व्हीलचेअरवरून गाडीपाशी न्यायचे, पुढच्या सीटवर बसवायचे, सीटची पाठ कलती करून मानेखाली छोटी उशी द्यायचे आणि गाडी चालू करून एसी लावायचे. स्वतः ड्रायव्हरच्या जागी बसायचे. गाडी तसूभरही हलायची नाही. लाइट येईपर्यंत दोघं तिथंच.

मी बदलापूरला राहते आणि आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते. म्हणजे शुक्रवारी मलाही सुट्टी. घरचं आवरून मी अंबरनाथला यायची ती थेट गाडीच्या मागच्या सीटवर. जेवणाचे डबे तिथंच उघडायचे. आई डाव्या हातानं मेथी निवडायला शिकली ती त्या पुढच्या सीटवरच, मांडीवर पेपर पसरून.

"आज कुठं नेताय?" आई बसल्या बसल्या विचारायची. पट्टा लावून घेतल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही, गाडी जागची हलणार नसली तरी.

"गप्प बस. रस्ता खराब आहे, मला बोलण्यात गुंतवू नकोस," असं म्हणून बाबा स्टिअरिंगवर पेपर उघडायचे.

"मग हळू चालवा की. तुमची घाई काही मरेपर्यंत जायची नाही."

मला हसू यायचं आणि रागही यायचा. राग माझ्या नाकावर असतो, हे माझं माहेर-सासर दोन्हीकडे मान्य आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून ओरडायच्या की अहो, दिवसभर काय घरघर लावलीय, धूर येतो. बाबा तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत. मग मीच खाली उतरून सांगायची, "काकू, तुम्हाला धूर येतो, माझ्या आईला श्वास येत नाही. बोला, कुणाचं थांबवू?" त्यावर खिडकी आपटून बंद व्हायची. बाबांनी पुढच्या वेळेपासून गाडीचं तोंड फिरवून धूर रस्त्याच्या बाजूला जाईल असं केलं. भांडण मी करायचं आणि तोड बाबांनी काढायची, ही आमची जुनीच वाटणी.

एकदा बाबा औषधं आणायला गेले असताना आई मला म्हणाली, "लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशेजारी एवढा वेळ कधी बसला नव्हता गं. कधी फर्स्ट शिफ्ट, कधी नाइट, कधी मशीन बंद पडलं म्हणून ताटावरून उठून जायचे. आता बघ, आठवड्याला अख्खा दिवस माझा." असं म्हणून ती लाजली. माझी आई, पांढऱ्या केसांची, अर्धं तोंड वाकडं झालेली, लाजली. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण मला रडू येत होतं आणि मला रडताना बघितलेलं आवडत नाही.

बाबा आनंदनगरलाच एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. तिथं त्यांचा दरारा होता म्हणे. साहेब लोक सांगायला यायचे, अमुक मशिनवर या महिन्यात माल कमी निघालाय, त्याचे पट्टे पुढच्या महिन्यात बदलू. बाबा ऐकायचे नाहीत. "माल किती काढला ते मला नका सांगू. किती तास चाललं ते सांगा. माल कमी निघाला म्हणून पट्टा कमी झिजत नाही." हे वाक्य आमच्या घरात मी इतक्यांदा ऐकलंय की लहानपणी भातुकलीच्या मिक्सरलाही मी चालू तास विचारायची. तुटायच्या आधी बदलतो तो मेंटेनन्सवाला आणि तुटल्यावर बदलतो तो हमाल, असंही ते म्हणायचे. पण निवृत्त झाल्यावर घेतलेल्या गाडीचं मीटर त्यांना फार प्रिय. आलेल्या-गेलेल्याला दाखवायचे, "बघा, अजून नवी नवरीच आहे." जाणं-येणं तरी कुठलं होतं? डॉक्टर, बाजार, दसऱ्याला हार घातला की शिवमंदिरापर्यंत एक फेरी.

आता मामाचं. माझ्या आईला एकच भाऊ, तिच्याहून मोठा. बारवी धरणाच्या रस्त्याला त्यांचं गाव. आईवडील लवकर गेले, तेव्हा या मामानंच तिला वाढवली, शाळेत घातली, लग्न लावून दिलं. दर भाऊबीजेला तो अंबरनाथला यायचा, कारण भाऊबीजेला भावानं बहिणीच्या दारी जायचं असतं. पिशवीत घरची तोंडली, शिराळी, एखादा भोपळा. ओवाळून घ्यायचा, जेवायचा, आणि पान लावता लावता बाबांना म्हणायचा, "दाजी, माझी बाय सुकली हो. खायला घालता ना?" आई जाडीच होत चालली होती, पण दरवर्षी त्याला ती सुकलेलीच दिसायची.

मग त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. चार पावलं टाकली की धाप. तो यायचा बंद झाला. आईला झटका आला, ती जायची बंद झाली. दोन-तीन भाऊबीजा नुसत्या फोनवर झाल्या. आई फोनसमोर निरांजन फिरवायची आणि पलीकडून मामा खोकायचा. गेल्या दिवाळीआधी मामेभावाचा फोन आला की डॉक्टर म्हणतात, आता घरीच ठेवा, जे आवडतं ते खायला द्या. याचा अर्थ काय ते आईला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ती बाबांना एवढंच म्हणाली, "या भाऊबीजेला मला दादाकडे न्या. तो जायच्या आत मला त्याला एकदा ओवाळायचंय. बाकी मी तुमच्याकडे काही मागत नाही."

तिनं खरंच कधी काही मागितलं नव्हतं. बाबा म्हणाले, "नेतो."

मी म्हटलं, भाड्याची मोठी गाडी करू. तर आईला उंच गाडीत चढता येईना, आणि बाबांना परक्या ड्रायव्हरच्या हाती तिला द्यायचं नव्हतं. आपली सीट, आपली उशी, आपला एसी. ठीक आहे बाई. मग निदान गाडी तपासून घ्या म्हणून मीच मागे लागले. बाबा गाडी उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या त्यांच्या नेहमीच्या गॅरेजात घेऊन गेले, मी बरोबर. मालक सिंधी, गोड बोलणारा. ऑइल बदललं, ब्रेक बघितले, एसीचा गॅस बघितला. मग त्यानं विचारलं, "बाबूजी, टायमिंग बेल्ट कभी बदला है?"

तेव्हा मला त्या बेल्टची पहिल्यांदा ओळख झाली. इंजिनात खाली पिस्टन वरखाली होतात आणि वर वॉल्व्ह उघडतात-मिटतात. दोघांची वेळ सांभाळतो तो एक दातेरी रबरी पट्टा. तो तुटला की वेळ चुकते, पिस्टन जाऊन वॉल्व्हवर आपटतात, वॉल्व्ह वाकतात, आणि चांगलं चालतं इंजिन क्षणात भंगार होतं. बाकीचे पट्टे झिजले की किंचाळतात तरी. हा मेला मुका. शिवाय झाकणाच्या आत असतो, दिसतही नाही.

"मग बदला की," मी म्हटलं.

बाबांनी मीटरकडे बोट दाखवलं. मालकानं वाकून बघितलं आणि तोही हसला. "अरे, ये तो अभी आधा भी नहीं चला. बेल्टची सालंही पुरी झाली नाहीत. अजून लई टाइम आहे."

"बाबा, एवढ्या लांब जायचं आहे. टाका ना एकदाचा बदलून."

"चांगली चालती वस्तू काढून फेकायची?" बाबा म्हणाले. "उद्या म्हणशील, दात किडायच्या आधी उपटा." मालकाला हा विनोद फार आवडला. मी चरफडत गाडीत बसले.

भाऊबीजेला माझा नवरा आपल्या बहिणीकडे ओवाळून घ्यायला गेला आणि मी सकाळीच अंबरनाथला आले. आईनं मोतिया रंगाची साडी नेसवून घेतली होती. ताट रात्रीच तयार करून झाकून ठेवलेलं, निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, तिची अंगठी, काड्यापेटी. अनारसे आणि करंज्या वेगळ्या डब्यात. गाडी फाटकातून बाहेर पडली तशी आई म्हणाली, "अगबाई, हलली की हो!" बाबा इतके हसले की त्यांना पुन्हा थांबावं लागलं.

बदलापूर मागे पडलं. आई प्रत्येक वळणाला काहीतरी ओळखत होती. इथं पूर्वी काही नव्हतं, इथं आम्ही करवंदं खायला यायचो, हे टॉवर कधी झाले मेले. दिवाळी असली तरी ऊन ऑक्टोबरचं होतं, रस्ता तापायला लागला होता. पण आत गारवा होता. मी आईच्या चेहऱ्याकडे आरशातून बघत होते. इतकी खूश मी तिला झटका आल्यापासून पाहिली नव्हती.

गाव थोडंसं राहिलं होतं. एक बारीकसा टक् झाला, इतका बारीक की मला वाटलं डबा पडला. एसीची झुळूक मेली. समोर लाल दिवे लागले. इंजिनाचा आवाजच नाही. बाबांनी दोन्ही हातांनी जड झालेलं स्टिअरिंग ओढलं आणि उरलेल्या वेगावर गाडी नेऊन रस्त्याकडेच्या एका आंब्याच्या सावलीत थांबवली. मग त्यांनी एकदाच किल्ली फिरवली. इंजिन हलकं हलकं, सुईं करून फिरलं. कुठं अडलं नाही, कुठं जोर लागला नाही. बाबांनी किल्ली काढून खिशात टाकली.

"गेला," ते म्हणाले.

"काय गेला?"

"टायमिंग बेल्ट. आता पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. मारला तर जे वाचलं असेल तेही जाईल."

माझं डोकं फिरलं. "म्हटलं होतं मी! शंभरदा म्हटलं होतं, बदलून टाका! पण नाही, आमची नवी नवरी! घ्या आता, नाचवा नवरीला!"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "सणाचा दिवस आहे."

तिच्या ओठावर मला घाम दिसला. चारही दारं उघडली. नॅपकिन भिजवून तिच्या मानेवर ठेवला, पेपरनं वारा घालायला लागले. टॅक्सीला फोन केले, तर भाऊबीजेला कोण येतंय? मामेभावाला फोन केला. त्याच्याकडे भाजीचा छोटा टेम्पो होता, तो घेऊन येतो म्हणाला. पण टेम्पोत आई चढणार कशी हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. गाव जवळ होतं, आणि तरी ते आमच्या हातचं गेलं होतं. मी आईला म्हटलं, "आई, जरा कुणी भेटलं की आपण परत फिरू. माझ्या घरी जाऊ, थंडाव्यात पडशील." तिनं ताट मांडीवर घेतलं, डाव्या हातानं घट्ट धरलं आणि म्हणाली, "मी परत जाणार नाही." बाबा दुसरीकडे बघत होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

बदलापूरहून एक मेकॅनिक मोटरसायकलवर आला. कपाळावर ओला टिळा, भुवईत अक्षता अडकलेल्या. बहिणीनं ओवाळलं आणि ताटावरून उठून आलो म्हणाला. त्यानं बॉनेट उघडलं, वरच्या झाकणाच्या क्लिपा काढल्या आणि बोटानं पट्टा बाहेर ओढला. दाते सोलून निघालेले, पाठीवर भेगाच भेगा.

"काका, वॉल गेले असणार. इंजिनाचं हेड खोलावं लागेल." मग त्यानं आत डोकावून मीटर बघितलं, बाबांकडे किल्ली मागून आकडा पुन्हा नीट बघितला, आणि जरा चाचरत विचारलं, "गाडी सेकंडहँड घेतली काय? मीटर मागे केलंय कुणीतरी."

"पहिला मालक आहे मी!" बाबा एकदम तडकले. मला वाटायचं राग माझ्या एकटीच्याच वाट्याला आलाय. "शोरूममधनं घेतलीय. मीटर मागे? आयुष्यात एक रीडिंग मी खोटं लिहिलं नाही, आणि तू मला सांगतोस मीटर मागे?"

"रागावू नका काका. पण एवढ्याशा किलोमीटरला पट्टा असा होत नाय. ही गाडी याच्या कितीतरी पट चाललीय. माझ्या बोलण्यावर नका जाऊ, हात लावून बघा ना."

बाबांनी पट्टा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, अंगठ्यानं भेगा चाचपल्या. मी पाहत होते. त्यांना पट्टा वाचता येतो. त्यांना कळत होतं की मेकॅनिक खोटं बोलत नाही, आणि मीटरही खोटं बोलत नाही.

"अहो," आतून आई म्हणाली. "शुक्रवार धरलेत का तुम्ही?"

बाबा जागच्या जागी थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं, मग हातातल्या पट्ट्याकडे. मला आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं. उन्हाळ्यातले शुक्रवार, पावसाळ्यातले दमट शुक्रवार, सकाळपासून लाइट येईपर्यंत. इंजिन फिरत होतं, पट्टा फिरत होता, आणि मीटरवरचा आकडा जागचा हलत नव्हता.

बाबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले. "चालू तास," एवढंच म्हणाले. मग आईकडे न बघता, "ते तास मी मशिनचे धरलेच नाहीत गं. ते काय गाडी चालवणं होतं? आपण तर नुसते बसलेलो असायचो."

माझा राग कुठल्या कुठं गेला. दुसऱ्यांच्या मशिनचा एक तास ज्यानं कधी चुकवला नाही, त्या माणसाला बायकोच्या शेजारी बसलेले तास मोजायचं सुचलंच नव्हतं. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. आमच्याकडे तशी रीत नाही, म्हणून मी त्यांना पाणी दिलं. मेकॅनिकही अवघडून उभा होता. त्यानं पट्टा पुसून बॉनेटवर ठेवला आणि आईला म्हणाला, "मावशी, माझ्या डब्यात थंड पाणी आहे, देऊ?"

तेवढ्यात टेम्पो आला. मामेभाऊ उतरला आणि उतरल्या उतरल्या माझ्याकडे हात जोडून म्हणाला, "ताई, माझ्यावर चिडू नको. ऐकतच नव्हता. दोर आणायला घरात गेलो तर हा टेम्पोत बसलेला."

टेम्पोच्या केबिनमध्ये मामा बसला होता. नुसता हाडांचा सापळा. पण कडक धुतलेला सदरा आणि डोक्यावर पांढरी टोपी. ओवाळून घ्यायला निघालेला माणूस, टोपी विसरला नव्हता. दोघांनी धरून त्याला खाली उतरवला. गाडीपर्यंत येईतो तो तीनदा थांबला. बाबांनी आपली, ड्रायव्हरची सीट मागे सरकवली आणि त्याला आईच्या शेजारी बसवलं.

मामा धापा टाकत होता आणि आई त्याचा सदरा डाव्या हातानं सारखा करत होती. मग मामा म्हणाला, "बाय, सुकलीस गं."

"तूच बघ कसा झालायस!" आई म्हणाली आणि रडायला लागली.

वाऱ्यानं निरांजन राहीना, म्हणून दारं लावून घेतली. मी मागून वाकून वात पेटवली. आईनं डाव्या हाताच्या बोटानं त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. ताट घ्यायची वेळ आली तशी ती थांबली. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. डाव्या हातानं ओवाळायचं तिला पटेना. फोनसमोर चालवून घेतलं होतं, पण भाऊ प्रत्यक्ष पुढ्यात बसलेला. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"आण हिकडं तो हात," मामा म्हणाला. त्यानं तिचा लुळा हात उचलला, ताटाखाली धरला, खालून आपले दोन्ही हात लावले, आणि ते ताट स्वतःच्या चेहऱ्याभोवती फिरवायला लागला. हळूहळू. मध्ये दम लागला, थांबला, ताट तसंच अधांतरी धरून श्वास घेतला, आणि पुन्हा फिरवलं.

आई रडता रडता हसली. "अरे दादा, स्वतःच स्वतःला ओवाळतोस होय!"

"मंग काय झालं? हात तुझाच हाय ना."

मी मागच्या सीटवर बसून हमसाहमशी रडले. कुणी बघितलं तर बघू दे. बाबा बाहेर, गाडीकडे पाठ करून उभे होते. मामानं सदऱ्याच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, आत साडी होती. सुनेनं दसऱ्यालाच आणून ठेवली होती म्हणाला. आईनं त्याला करंजी भरवली. त्याला ती धड चावता आली नाही, पण त्यानं ती संपवली.

पुढं फार वेळ थांबता आलं नाही. ऊन चढलं, बंद काचांत आईच्या चेहऱ्याचा रंग उतरायला लागला. मामाच्या गावात कुणाकडे एसी नव्हता, सगळ्यांत जवळ थंडावा म्हणजे बदलापूरला माझ्याच घरात. मामेभावानं गाडी दोरानं टेम्पोला बांधली आणि टोचन करून आम्हाला माझ्या दारात आणून सोडलं. मामा टेम्पोत, आम्ही मागे गाडीत, सगळ्या काचा उघड्या. वळणावर मामाची टोपी दिसायची तेवढी आई बघत राहायची. गावाला ती पोचलीच नाही. तिच्या माहेरचं दार तिला दिसलं नाही.

इंजिन कॅम्प पाचला उघडलं. वॉल्व्ह वाकलेलेच होते. गॅरेजवाल्यानं कानाला हात लावले, बाबांनी त्याला दोष दिला नाही. काम उरकायला बरेच दिवस लागले. बाबा त्या दिवसांत घरात नुसते फिरत असायचे. मला दोन-तीनदा म्हणाले, "एकच गोष्ट मागितली होती तिनं. मला तेवढं जमलं नाही."

पौषात मामा गेला. आम्ही आईला त्याच्या दहाव्याला घेऊन गेलो, दुरुस्त झालेल्या गाडीतून. या खेपेला गाडी सुरळीत पोचली. आई ओसरीवर बसली, त्याच्या रिकाम्या खाटेकडे बघितलं, सुनेच्या गळ्यात पडली. परतताना त्या आंब्यापाशी आलो आणि बाबांना राहवलं नाही.

"त्या दिवशी तुला पोचवायला हवं होतं मी," ते म्हणाले. "तो असताना त्याच्या घरी. माझ्यामुळं राहिलं."

"काय पोचवायला हवं होतं?" आई चिडूनच म्हणाली. आमच्या घरातला राग मला कुठून आला ते तेव्हा कळलं. "भाऊबीजेला बहिणीनं जायचं असतं की भावानं यायचं असतं? सांगा ना. दोन-तीन वर्षं माझा भाऊ आला नव्हता. त्या दिवशी आला. टोपी घालून आला, साडी घेऊन आला, तुम्ही स्वतः उठून त्याला बसायला जागा दिलीत. मी त्याच्या घरी गेले असते, तर तो माझ्याकडे आला असता का?"

बाबांनी गाडी कडेला घेतली. उरलेल्या रस्त्याला मी चालवली, कारण त्यांचे डोळे काही केल्या पुसून होत नव्हते.